कूलंट कमी होतंय, पण खाली थेंबही नाही

दर पंधरा दिवसांनी कूलंटच्या टाकीतली पातळी बोटभर उतरायची आणि गाडीखालची फरशी कोरडीठाक. दोन महिने मी नुसतं वरून ओतत राहिलो. इंजिन थंड ठेवणारं हे कूलंट पेट्रोलसारखं जळून संपत नाही, ते बंद नळ्यांमधून फिरत राहतं. पातळी सतत उतरत असेल तर ते कुठून तरी बाहेर पडतंय.

गळती बारीक असली की थेंब तापलेल्या इंजिनावरच उडून जातो. मागे उरतो तो पांढुरका, हिरवट किंवा गुलाबी थर. म्हणून ओल शोधू नका, डाग शोधा.

आधी खात्री करा. सपाट जागेवर, इंजिन पूर्ण थंड असताना टाकीवर मार्करने रेघ मारा. गरम असताना कूलंट फुगतं, तेव्हाची पातळी धरू नका. नुकतंच कूलंट बदललं असेल तर अडकलेली हवा निघून पातळी एकदा उतरते आणि थांबते, त्याला गळती म्हणू नका. गाडीखाली स्वच्छ, बिनवासाचं पाणी दिसलं तर ते बहुधा एसीचं. कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास येतो. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विषारी आहे. मुलं-जनावरं जवळ असतील तर सांडलेलं लगेच पुसा.

मग झाकण. इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण कधीही उघडू नका. दाब सुटताच आतलं कूलंट उकळून अंगावर येतं. थंड झाल्यावर त्याची रबरी रिंग बघा. चिरली असेल किंवा झाकणाखाली वाळलेले ओघळ असतील तर पुढे काही उघडण्याआधी झाकण बदला.

आता टॉर्च आणि छोटा आरसा घ्या. होज पाइपांची टोकं, थर्मोस्टॅटचं (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचं) घर, रेडिएटरची प्लॅस्टिकची बाजू ॲल्युमिनियमला जिथे जोडलेली असते ती शिवण, सगळं पाहा. चालत्या गाडीत वारा थेंब मागे ढकलतो, त्यामुळे डागांमधला सगळ्यात वरचा आणि पुढचा डाग खरा. वॉटर पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की कूलंट तिथून बाहेर यावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. तिथून ओघळ आला असेल तर ते भोक बुजवू नका, पंप बदला.

एवढं करूनही सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर लावा. झाकणाच्या जागी बसणारा, काटा असलेला हा हातपंप असतो. झाकणावर जेवढा दाब लिहिलाय तेवढाच भरा, बहुतेक गाड्यांत तो १ बारच्या आसपास असतो. पंधरा मिनिटं काट्याकडे बघा. ही चाचणी थंड इंजिनावरही करा. माझ्या गाडीची दोनदा गरम असतानाच तपासली गेली होती आणि दोन्ही वेळा काही निघालं नाही. शेवटी सकाळी, रात्रभर उभ्या गाडीवर दाब भरला. काटा हळूच खाली सरकू लागला आणि थर्मोस्टॅटखालच्या पाइपाच्या क्लिपच्या कडेला एक गुलाबी थेंब फुगत गेला, सुटला, मग अर्ध्या मिनिटाने दुसरा. इंजिन तापलं की तोच सांधा प्रसरण पावून घट्ट बसायचा. पाइपाचं टोक दगडासारखं कडक झालं होतं. अशा वेळी क्लिप आवळून काही होत नाही. मी पाइप आणि क्लिप दोन्ही बदलले.

काटा उतरतोय पण बाहेर कोरडं असेल, तर गळती आतली. पुढच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं आणि काचेवर तेलकट धुकं असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर फुटलाय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलवर, संशय घ्या. ऑइलच्या झाकणाखालचा दुधाळ थर हा मात्र पक्का पुरावा नाही. फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही तो दिसतो. गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची चाचणी करून घ्या. टाकीतल्या वाफेत सिलिंडरमधला वायू मिसळत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगही काढून बघा. बाकीचे काळपट आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर कूलंट त्या सिलिंडरमध्ये जातंय. डिझेल गाडीत ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर कूलंटने थंड करणारा भाग) विसरू नका, तो आतून फुटला की कूलंट धुराबरोबर निघून जातं. अशी गाडी चालवत राहू नका. सिलिंडर कूलंटने भरला तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

टाकीत ओतायचं गळतीबंद औषध मी तरी घालणार नाही. ते हीटरच्या बारीक नळ्याही बुजवू शकतं.

दुरुस्तीनंतर मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच कूलंट भरा, हवा काढा आणि आठवडाभर रोज सकाळी ती मार्करची रेघ बघा.