सांधेबदल शस्त्रक्रिया आणि त्याच दिवशी घर : कोकणातील कुटुंबांनी करावयाची तयारी

गुडघ्याचा किंवा खुब्याचा झिजलेला सांधा काढून कृत्रिम सांधा बसवला की आठवडाभर रुग्णालयात राहावेच लागते, ही समजूत आता सर्वांच्या बाबतीत खरी राहिलेली नाही. लवकर उतरणारी भूल, मांडीतील मज्जातंतूभोवती आणि सांध्याभोवती टोचलेली बधिरतेची औषधे आणि रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड यांमुळे काही रुग्ण सकाळी शस्त्रक्रिया होऊन काही तासांत वॉकर धरून चालतात आणि संध्याकाळी घरी जाऊ शकतात. मात्र कोकणात हा निर्णय घेताना रुग्णाच्या प्रकृतीइतकाच विचार घराचा आणि घरापर्यंतच्या वाटेचा करावा लागतो, आणि नेमके तेच बहुतेक कुटुंबांकडून राहून जाते.

प्रकृतीचा भाग डॉक्टर तपासतात. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात झालेली रक्ताची गुठळी, फार कमी हिमोग्लोबिन किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असेल, तर त्याच दिवशी घरी जाण्याचा आग्रह धरू नये. जंतुसंसर्ग हा कृत्रिम सांध्याचा सर्वांत मोठा शत्रू असल्यामुळे किडलेले दात, लघवीचा संसर्ग आणि पायाच्या बोटांमधील चिखल्या आधीच बऱ्या करून घ्याव्यात. पावसात शेतात उभे राहणाऱ्यांनी चिखल्यांकडे क्षुल्लक म्हणून पाहू नये. तंबाखू, विडी आणि मशेरी किमान चार आठवडे आधी सोडावी, कारण निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. मशेरी लावणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्या स्त्रिया ही गोष्ट डॉक्टरांना सहसा सांगत नाहीत. घरच्यांनी ती आवर्जून सांगावी.

आता वाटेचा विचार. रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक वाड्यांमध्ये गाडी वरच्या रस्त्यालाच थांबते आणि घरापर्यंत पाखाडी उतरून जावे लागते. चिऱ्याच्या पायऱ्या उंच आणि असमान असतात, पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरते, आणि नुकताच सांधा बदललेल्या माणसाला वॉकर घेऊन तेथून उतरवणे धोक्याचे आहे. अशा वेळी शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस रुग्णालयाजवळ, एखाद्या नातेवाइकाच्या तळमजल्यावरील घरी किंवा भाड्याच्या खोलीत काढणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मुंबईत मुलाकडे राहायचे ठरवले असेल, तर त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे का आणि ती रात्रीही चालू असते का, हे आधी विचारावे. ज्यांना तारीख निवडता येते त्यांनी भातकापणी आटोपल्यानंतरचा आणि आंब्याच्या धावपळीपूर्वीचा, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते जानेवारीचा काळ निवडावा. तेव्हा अंगण कोरडे असते आणि घरातली माणसेही मोकळी असतात.

घरात शस्त्रक्रियेपूर्वीच काही बदल करून ठेवावेत. झोपण्याची खाट तळमजल्यावर, गुडघ्याहून थोडी उंच असावी. जमिनीवर अंथरूण नको, जेवायला पाट नको आणि माळ्यावर चढणेही नको. न्हाणीघर आणि संडास परसात असेल तर रात्री तिकडे जाण्याऐवजी खाटेजवळ कमोडची खुर्ची ठेवावी. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसता येणार नाही, हे गृहीतच धरावे. उंच उंबरठ्यांपाशी दोन्ही बाजूंना धरायला काही असावे, पायपुसणी उचलून ठेवावीत, आणि वीज जाते हे लक्षात घेऊन चार्जिंगचा दिवा हाताशी ठेवावा. वॉकर आधीच आणून घरभर फिरवून पाहावा. जुन्या घरांतील दारे अरुंद असतात. किमान पहिले काही दिवस, रात्रंदिवस, एक धडधाकट माणूस सोबत हवाच.

विम्याची चौकशी लवकर करावी. कित्येक पॉलिसींमध्ये चोवीस तासांहून कमी काळ दाखल राहिल्यास ठरावीक उपचारांचाच खर्च मिळतो, म्हणून त्याच दिवशी घरी सोडले तरी दावा मान्य होईल, असे लेखी घेऊन ठेवावे.

शस्त्रक्रियेच्या आधी साधारणपणे सहा तास घन अन्न आणि दोन तास पाणी बंद असते. तरी आपल्या डॉक्टरांनी दिलेली वेळच पाळावी. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या कधी थांबवायच्या, हे त्यांनाच विचारावे, आणि पायावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. संध्याकाळी सोडण्यापूर्वी रुग्णाला आधाराने चालता आले पाहिजे, लघवी झाली पाहिजे, उलटीविना काही खाता आले पाहिजे आणि गोळ्यांनी वेदना सोसण्याजोगी असली पाहिजे. घरी पायऱ्या असतील तर फिजिओथेरपिस्टसमोर त्या चढून-उतरून दाखवाव्यात : चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. यांतील एखादी गोष्ट जमली नाही तर रात्रभर तेथेच राहावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

घाट उतरून किंवा महामार्गाने दूर जायचे असेल, तर त्याच दिवशी तो प्रवास टाळावा. थोड्या अंतरासाठी गाडीचे पुढचे आसन पूर्ण मागे सरकवून आधी पाठमोरे बसावे आणि मग पाय आत घ्यावेत. रिक्षात पाय लांब ठेवता येत नाही, म्हणून ती नको.

पहिल्या रात्री वेदना कमी असते आणि त्यामुळे रुग्ण व घरचे दोघेही निर्धास्त होतात. बधिरतेचा परिणाम ओसरला की दुसऱ्या दिवशी वेदना वाढते, म्हणून गोळ्या दुखू लागण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी घ्याव्यात. पाय बधिर असेपर्यंत गुडघा अचानक दुमडू शकतो, त्यामुळे एकट्याने उठू नये. गुडघा बदलला असल्यास उशी गुडघ्याखाली न ठेवता टाचेखाली ठेवावी, नाहीतर गुडघा वाकलेलाच राहण्याची सवय लागते. बर्फ कापडात गुंडाळून एका वेळी पंधरा-वीस मिनिटे लावावा. गुठळी होऊ नये म्हणून दिलेले औषध एकही दिवस चुकवू नये आणि जागेपणी पावले वरखाली हलवत राहावीत. खुब्याच्या रुग्णांनी वाकण्याबद्दल व पायावर पाय टाकण्याबद्दल डॉक्टरांनी घातलेली बंधने काटेकोर पाळावीत. जखमेवर तेल, हळद किंवा कोणताही लेप लावू नये. पट्टी कोरडी ठेवावी.

पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला, किंवा जखमेतून पाणी अथवा पू येऊ लागला, तर त्याच दिवशी रुग्णालयाशी संपर्क साधावा. छातीत दुखणे किंवा अचानक धाप लागणे यासाठी मात्र वाट न पाहता 108 क्रमांकावर फोन करावा. वाडीत फोनला कोठे रेंज मिळते, रात्री कोणाची गाडी मिळेल आणि सर्वांत जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा रस्ता कोणता, हे एका कागदावर लिहून खाटेजवळ लावावे. टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात. त्या भेटीची तारीख आणि घरी येऊ शकणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे नाव रुग्णालय सोडण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.