पद्मिनीचा मागचा एक्सल: प्लेट आधी, बेअरिंग नंतर

मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या गॅरेजात लागलो. वाटलं होतं, आठवडाभरात इंजिन उघडायला मिळेल. वाट्याला आला प्रीमियर पद्मिनीचा मागचा एक्सल, म्हणजे मागची चाकं फिरवणारे दांडे (शाफ्ट) आणि त्यांच्यावरचं कवच (हाउसिंग). तोही बोटभर चिखल-तेलाचं पुट चढलेला. आता वाटतं, बरंच झालं. जुन्या गाड्यांच्या कामात यायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली. आता गॅरेजात येते ती बहुतेक हौशी मालकाची गाडी. त्याला घाई नसते, पण पार्किंगमध्ये तेलाचा एक थेंब दिसला तरी फोन येतो.

त्या गाडीची तक्रार हीच होती: डाव्या मागच्या चाकाला आतून तेल. ड्रम काढल्यावर उस्तादांनी आधी बोट लावून वास घ्यायला सांगितलं. गियर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि रंग खातं. ते असेल तर दोष ब्रेक शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचा, एक्सल उघडायचं कारणच नाही. आमचं गियर ऑइल निघालं. ब्रेक शू भिजले होते. पेट्रोलने धुऊन ते परत लावायचे नाहीत. लायनिंगमध्ये मुरलेलं तेल गरम झालं की पुन्हा वर येतं.

शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी, म्हणजे सील, बदललं की काम झालं, असं मला वाटलं. पण याच गाडीला वर्षभरात दोनदा नवं सील बसलं होतं. मग सील पुन्हा पुन्हा का जातंय? उस्तादांनी हाउसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड, काढून हातात दिला. मातीने ठार बुजलेला. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते, आणि तिला बाहेर पडायला वाट नसली की ती सीलच्या ओठातून, म्हणजे लिपमधून, तेल ढकलते. दुसरं कारण नखाला कळलं. सीलची लिप शाफ्टवर जिथे घासते तिथे नख फिरवलं तर अडकलं, म्हणजे चर पडला होता. अशा शाफ्टवर कितीही महागडं सील घाला, गळणारच. आम्ही तिथे पातळ स्लीव्ह, म्हणजे धातूची नळी, चढवली.

सील घेताना त्याच्यावरचे आकडे वाचायला शिका. पहिला शाफ्टचा व्यास, दुसरा हाउसिंगच्या भोकाचा, तिसरा जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. नाना पेठेत, म्हणजे पुण्यातल्या सुट्या भागांच्या बाजारात, "फियाटचं (पद्मिनीला अजून हेच म्हणतात) सील द्या" म्हणण्यापेक्षा जुनं सील आणि मापाचं व्हर्नियर सोबत नेलेलं बरं. बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे. लिपला थोडं तेल किंवा ग्रीस लावायचं, कोरडी लिप पहिल्या काही फेऱ्यांतच जळते. सीलच्या कडेवर सपाट टेकेल असा पाइपचा तुकडा घेऊन हळूहळू सरळ ठोकायचं. एका बाजूने ठोकलं की सील तिरकं झालंच.

आता माझा पराक्रम. या शाफ्टवर बेअरिंग दाबून बसतं, आणि ते सरकू नये म्हणून त्यामागे घट्ट कॉलर असते. चाक गाडीत टिकतं ते या दोघांच्या जोरावर. जुनी कॉलर ओढून काढायची नसते. तिला ड्रिलने भोक पाडायचं आणि छिन्नीने फोडायची. भोक आरपार नेऊन शाफ्टला इजा करायची नाही. फोडलेली कॉलर भंगारात, परत वापरायची नाही. नवं बेअरिंग प्रेसवर घेताना जोर फक्त आतल्या रिंगवर. बाहेरच्या रिंगवर दाब दिला तर तो गोळ्यांमधून जातो, आणि नवंकोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घुंघुं करतं.

हे सगळं मी बिनचूक केलं. बेअरिंग बसवलं, कॉलर तापवून चढवली, थंड होऊ दिली. अभिमानाने शाफ्ट उस्तादांपुढे धरला. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि प्लेट रे?"

बेअरिंग धरून ठेवणारी, चार बोल्टची रिटेनर प्लेट टेबलावरच होती. ती बेअरिंगच्या आधी शाफ्टवर घालायची असते, नंतर जातच नाही. नवी कॉलर फोडली. बेअरिंग बाहेरच्या रिंगला धरून ओढावं लागलं, म्हणजे तेही बाद. दिवस गेला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नाना पेठ.

शाफ्ट परत हाउसिंगमध्ये घालताना त्याचं वजन हातावर पेला. टोकाचे दाते नव्या सीलवर टेकले तर लिप कापली जाते. हे काम एकट्याने न केलेलं बरं. शेवटी ईपी 90 गियर ऑइल भरायचं, आणि गाडी सपाट जागेवर असतानाच पातळी बघायची.

आता मी सुटे भाग बसवायच्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडतो आणि मोबाइलवर फोटो काढतो. तरीही मी प्रेसकडे निघालो की गॅरेजच्या दुसऱ्या टोकाहून आवाज येतोच, "प्लेट?"