पेटीचा हात घेऊन पियानोपुढे बसताना: या चुका टाळा

नाशकात पियानो शिकायला येणाऱ्यांत दोन प्रकार ठळक दिसतात. एक म्हणजे लहानपणी पेटी शिकलेले. गांधर्वच्या दोन-चार परीक्षा झालेल्या, सूर पक्का, लय पक्की. दुसरे म्हणजे वाढदिवसाला मिळालेल्या कीबोर्डवर मोबाइलमधला व्हिडिओ बघून बेथोव्हनच्या 'फ्यूर एलिझ'ची पहिली ओळ बसवलेले. दोघांचंही या संगीतावर मनापासून प्रेम असतं. चुका मात्र दर बॅचला त्याच. त्यांतल्या दोन फार महाग पडतात, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर. बाकीच्या सांगितल्या की सुटतात.

पट्टी दाबून धरणं

पेटीची पट्टी दाबली की भात्यातली हवा स्वराच्या पत्तीवरून वाहते आणि बोट उचलेपर्यंत सूर चालू राहतो. आवाज लहान-मोठा करणं हे भात्यावरच्या हाताचं काम. त्यामुळे पट्टी किती वेगानं खाली न्यायची, हा प्रश्न वाजवणाऱ्या हाताला वर्षानुवर्षं पडलेलाच नसतो. पियानोत नेमका तोच प्रश्न मुख्य आहे. पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते. तळाला टेकायच्या जरा आधी आतला हातोडा पट्टीच्या ताब्यातून सुटतो, उरलेलं अंतर स्वतःच्या वेगानं कापतो, तारेवर आदळतो आणि मागे येतो. सूर मोठा की हळुवार, याचा निकाल त्या १० मिलिमीटरमध्ये लागलेला असतो. पुढे बोटानं कितीही जोर लावला तरी तारेपर्यंत तो पोहोचत नाही. तो जोर जातो फक्त तुमच्या मनगटात आणि कोपरात.

पेटीत विशारद झालेल्या एका विद्यार्थ्याचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. सहा आठवड्यांत त्यानं जी मेजरमधलं ते प्रसिद्ध मिन्युएट, म्हणजे एका जुन्या युरोपीय नाचाचं संगीत, बसवलं. (संगीतकार बाखच्या पत्नी आना माग्दालेना यांच्या १७२५ च्या वहीतलं असल्यामुळे ते बाखच्या नावावर खपतं, प्रत्यक्षात ते क्रिस्टियान पेत्सोल्ड यांचं आहे.) एकही स्वर चुकत नव्हता, पण सगळे स्वर एकाच वजनाचे, आणि करंगळीपासून कोपरापर्यंत हात दुखायला लागलेला. त्यानं निष्कर्ष काढला की बोटं कमजोर आहेत. मग हातात दाबायची स्प्रिंग आणली आणि हॅननच्या पुस्तकातले बोटांचे व्यायाम रोज तासभर जोरजोरात सुरू केले. तीन आठवड्यांत बरणीचं झाकण फिरवता येईना. कारण सापडायला मात्र अर्धा तास पुरला. प्रत्येक लांब स्वरावर त्याची नखं पांढरी पडत होती. स्वर केव्हाच वाजून गेलेला, आणि बोट अजून पट्टीत रुतलेलं. स्प्रिंग बंद केली, हॅनन बंद केलं, दुखणं उतरेपर्यंत हाताला विश्रांती दिली. त्यानंतर पंधरा दिवस एकच व्यायाम. दुखणं परत आलं नाही, आणि त्याच मिन्युएटमध्ये पहिल्यांदा चढउतार ऐकू आले.

तो व्यायाम असा. आधी एक पट्टी इतक्या सावकाश दाबा की सूर वाजणारच नाही. खऱ्या पियानोवर तळाच्या थोडं वर एक बारीक अडथळा जाणवेल. हातोडा सुटण्याची ती जागा. काही चांगल्या डिजिटल पियानोंवरही ती जाणवते. ती ओळखीची झाली की मधल्या बोटानं सी वाजवा आणि सावकाश चार मोजा. 'एक'ला सूर वाजतो. 'दोन' म्हणेपर्यंत मनगट सैल झालेलं हवं. बोट पट्टीवर फक्त टेकलेलं. पट्टी खाली न्यायला ५० ग्रॅमच्या आसपास वजन लागतं, म्हणजे एका अंड्याएवढं, आणि धरून ठेवायला त्याहूनही कमी. 'तीन'ला दुसऱ्या हातानं मनगट खालून हलकंसं ढकला. ते पाळण्यासारखं हललं पाहिजे. अडलं, तर तुम्ही अजून पेटीच वाजवताय. पाचही बोटांनी, दोन्ही हातांनी, रोज पाच मिनिटं, महिनाभर. हे कंटाळवाणं आहे हे मान्य, पण याला पर्याय नाही. 'हळूहळू होईल आपोआप' असं म्हणणाऱ्यांचं आपोआप झालेलं पाहण्यात नाही. विश्रांतीनंतरही हात दुखत राहिला, तर वाजवणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

पेटीवाल्यांचा दुसरा हातही असाच मागे राहतो, कारण त्याचं आयुष्य भात्यावर गेलेलं. त्याच मिन्युएटच्या दुसऱ्या ते सहाव्या बारमध्ये (बार म्हणजे नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला तुकडा, इथे तीन मात्रांचा) डाव्या हाताला फक्त बी, सी, बी, ए, जी एवढंच आहे, एका बारला एक स्वर. सोपं म्हणून सगळे ते दुसऱ्या मात्रेलाच सोडून देतात आणि खालची ओळ तुटते. उपाय एकच: ती ओळ आधी गा. गात गात डाव्या हातानं वाजवा, मग उजवा हात वाजवताना डाव्याची ओळ तोंडानं गा. हे जमल्याशिवाय दोन्ही हात एकत्र आणायचेच नाहीत.

आणि तालाची एक गोष्ट इथे तुमच्या बाजूनं आहे. मिन्युएट तीन मात्रांचं असलं तरी नाचातलं एक पाऊल दोन बार, म्हणजे सहा मात्रा घेतं. दादरा अंगात असणाऱ्यानं पहिला बार समेचा आणि दुसरा खालीचा समजून वाजवावा. प्रत्येक बारच्या सुरुवातीला ठोका मारायची खोड तिथेच जाते.

पेडल: पाय हातासोबत नको

उजवं पेडल दाबलं की सगळे डँपर, म्हणजे तारेचा सूर थांबवणाऱ्या गाद्या, तारांवरून उचलले जातात आणि वाजलेलं सगळं गुंजत राहतं. नवशिक्याला हा आवाज इतका आवडतो की पाय वर येतच नाही. मग गुरुजी किंवा मॅडम रागावतात, आणि पाय हातांबरोबर तालात खाली आपटायला लागतो. हे आधीच्यापेक्षा वाईट. कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) वाजते त्याच क्षणी पेडल खाली गेलं, तर आधीच्या कॉर्डची शेपटी नव्या कॉर्डमध्ये अडकते. आणि ती अडकू नये म्हणून पाय आधीच उचलला, तर दोन कॉर्डच्या मध्ये भोक पडतं.

बरोबर क्रम असा: नवी कॉर्ड खाली जाते तेव्हा पाय वर, आणि कॉर्ड वाजल्यावर लगेच पाय खाली. हात आणि पाय उलट दिशेनं. डाव्या हातानं सी मेजर, मग एफ मेजर, मग जी मेजर, मग परत सी, प्रत्येकी चार मात्रा. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर. 'एक'ला कॉर्ड आणि पाय वर, 'दोन'ला पाय खाली, 'तीन'ला हात उचला. आता फक्त पेडल सूर धरून आहे; ऐका. मागच्या कॉर्डचा एकही स्वर ऐकू येता कामा नये. आठवड्याभरानं 'दोन'ऐवजी 'एक'नंतर अर्ध्या मात्रेवर पाय खाली न्यायला लागा. टाच जमिनीवरच, चवड्यानं दाबायचं, तळवा पेडलवरून सुटू द्यायचा नाही. घरात आपण अनवाणी वाजवतो ते उत्तम, पेडलची हालचाल तळव्याला नीट कळते.

'फ्यूर एलिझ'च्या सुरुवातीला ई आणि डी शार्प आळीपाळीनं येतात. तिथे पेडल दाबलं की चिखल होतो. डाव्या हाताचा ए येतो तिथे दाबा आणि तो बार संपताना सोडा. बेथोव्हनच्या १८०१ च्या 'मूनलाइट' सोनाटाच्या पहिल्या भागाची चूक वेगळ्या जातीची आहे. 'सेन्झा सोर्दिनो' वाजवावं अशी सूचना तिथे आहे. सोर्दिनो म्हणजे इथे डँपर. ते तारांवर नकोत, म्हणजेच उजवं पेडल हवं. अनेक जण याचा संबंध आवाज हळुवार करणाऱ्या डाव्या पेडलशी लावतात. शिवाय त्या काळच्या पियानोचा सूर लवकर विरायचा. आजच्या वाद्यावर सगळा भाग एकाच पेडलमध्ये वाजवला तर स्वर एकमेकांवर चढतात, म्हणून हार्मनी बदलली की पेडल बदलायचं.

डिजिटल पियानोचं सुटं पेडल गुळगुळीत फरशीवर पळत असेल, तर जुन्या योगा मॅटचा हातभर तुकडा खाली टाका. आणि पेडल उलटं चालत असेल, म्हणजे दाबल्यावर आवाज तुटतो आणि सोडल्यावर गुंजतो, तर वाद्य बिघडलेलं नाही. चालू करताना पेडल कोणत्या स्थितीत आहे हे बरीच वाद्यं तपासतात आणि ती स्थिती 'मोकळी' समजतात. वाद्य बंद करा, पिन नीट बसवा, पेडलवर पाय न ठेवता पुन्हा चालू करा. तरीही उलटंच राहिलं, तर पेडलच्या तळाशी दिशा बदलायचं बटण आहे का ते पाहा. दुरुस्तीला न्यायची वेळ क्वचितच येते.

वरून पडणाऱ्या रंगीत पट्ट्यांचे व्हिडिओ

कोणती पट्टी कधी दाबायची एवढंच ते सांगतात. कोणतं बोट, कुठे श्वास, कुठे हळू, मात्रा कुठली, यांतलं काहीच त्यात नाही. 'फ्यूर एलिझ'ची सुरुवात पियानिसिमो, म्हणजे अगदी हळुवार आहे, बोटं ५-४-५-४-५-२-४-३-१, आणि तालचिन्ह ३/८. व्हिडिओवर शिकलेल्यांची बोटं दर वेळी वेगळी पडतात, आणि मूळ सुरावट परत यायच्या आधी ई-डी शार्प किती वेळा वाजवायचं हे कुणालाच माहीत नसतं. पुरे वाटलं की पुढे जातात. पुढच्या एफ मेजरच्या भागात वेगाचे स्वर आले की सगळं कोसळतं. मग 'इझी व्हर्जन' शोधली जाते. माझं मत स्पष्ट आहे: मोठ्या रचनेचा छाटलेला तुकडा वाजवण्यापेक्षा मुळातच सोपी असलेली खरी रचना वाजवा. शूमाननं १८४८ मध्ये मुलांसाठी ४३ तुकड्यांचा अल्बम लिहिला, बार्टोकच्या 'मिक्रोकॉस्मॉस'मध्ये १५३ तुकडे आहेत, पहिले तर अगदी पहिल्या महिन्यात वाजवता येतील असे. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर जुन्या रचनांची नोटेशन मोफत मिळतात.

नोटेशनखाली पेन्सिलीनं सा रे ग म लिहू नका. आपला सा सरकतो, स्टाफवरची (नोटेशनच्या पाच रेघांमधली) रेघ सरकत नाही. मिन्युएटचा दुसरा अर्धा भाग डी मेजरकडे वळतो, तिथे हे लिखाण गळ्यात येतं.

दर वेळी पहिल्या बारपासून सुरुवात करणं ही अधीर माणसाची चूक. पहिले आठ बार शंभरदा वाजतात, शेवटचे आठ पाचदा. मी शेवटचे चार बार आधी बसवायला लावतो, मग त्याच्या आधीचे चार, असं मागे मागे. वेग असा ठेवायचा की तीनदा सलग एकही चूक होणार नाही. मगच मेट्रोनोम ४ नं वाढवायचा. चौथ्या वेळी चुकलं, तर ४ नं खाली.

बसण्याची उंची. पट्ट्यांचा वरचा भाग जमिनीपासून ७२-७३ सेंटिमीटरवर असतो आणि प्लॅस्टिकची खुर्ची बहुतेकांना कमी पडते. कोपर पट्ट्यांच्या रेषेत किंवा किंचित वर हवं. मऊ उशी नको, घडी घातलेली सतरंजी घ्या. लहान मुलांचे पाय लोंबकळत असतील, तर खाली पाट किंवा चौरंग ठेवा. लोंबत्या पायांनी पाठ ताठ राहत नाही.

कीबोर्डवर भजनाला काळी दोन लावली असेल, तर दुसऱ्या दिवशी ट्रान्सपोज (सूर सरकवायची सोय) शून्यावर आहे का ते आधी पाहा.

ग्रेडच्या परीक्षेसाठी तीन रचना वर्षभर घासणाऱ्यांना नोटेशन बघून नवीन काही वाजवता येत नाही. एक ग्रेड खालच्या दहा रचना त्याच वर्षात करा. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या सहाव्या ग्रेडला पाचवीची थिअरी (किंवा मंडळाला चालणारा तिचा पर्याय) आधी लागते, हे ऐन वेळी कळून रडारड होते.

नाशकातला पावसाळा आणि खरा पियानो

घरी अपराइट (उभा पियानो) असेल, तर साउंडबोर्डचं, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणाऱ्या फळीचं लाकूड पावसाळ्यात ओल पिऊन फुगतं आणि सूर चढतात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत उतरतात. म्हणून जूनमध्ये ट्यूनिंग करून घेणं म्हणजे पैसे वाया. पाऊस संपून हवा स्थिरावल्यावर, नोव्हेंबरमध्ये करा. पियानो ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, हातभर पुढे घ्या. ओलीचा नुसता अंदाज चालत नाही, खोलीत आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र ठेवा. ४० ते ६० टक्क्यांत ठीक. ओल कमी करायला पियानोच्या आत बल्ब लावायची जुनी पद्धत फक्त पावसाळ्यापुरती, आणि कापडाला किंवा लाकडाला टेकणार नाही अशी. मार्चमध्ये तो जळत राहिला तर बोर्डाला चीर जाते.

पावसाळ्यात पट्टी सावकाश वर येते, कारण आतलं बनातीचं अस्तर फुगतं. तेल कधीही घालू नका. एकच पट्टी अडकली, तर आधी पट्ट्यांच्या फटीत पेन्सिल किंवा रुपयाचं नाणं गेलंय का ते बघा. एखाद्या स्वरावर झणझण होत असेल, तर वरची फोटोफ्रेम आणि फुलदाणी काढा. बहुतेक वेळा आवाज तिथलाच असतो.

वर्षानुवर्षं न लावलेला पियानो एकाच बैठकीत ४४० वर (मधल्या 'ए'च्या प्रमाण कंपनसंख्येवर) चढवायचा हट्ट ट्यूनरकडे धरू नका. सगळ्या तारांचा मिळून ताण १८ ते २० टनांच्या घरात असतो. गंजलेली तार तुटते. दोन टप्प्यांत करू द्या, मध्ये काही आठवड्यांचं अंतर ठेवून. तो काम करत असेल तेवढे दोन-अडीच तास पंखा, टीव्ही आणि मिक्सर बंद ठेवा.