ग्रुप 2 चा ट्रेंड पाठ करू नका, आधी परीक्षानळीत बघा

बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम, रेडियम ही आवर्तसारणीतल्या ग्रुप 2 ची यादी अकरावीची मुलं घडाघडा म्हणतात, पण खाली जाताना रिअ‍ॅक्टिव्हिटी का वाढते विचारलं की गप्प, म्हणून मी आधी प्रयोग करून घेते आणि मगच आकडे दाखवते.

मॅग्नेशियमची फीत घ्या, बोटभर पुरे. तिच्यावर जो काळपट थर दिसतो तो पॉलिश पेपरने घासून काढा, अगदी चांदीसारखी चकचकीत होईपर्यंत, कारण न घासता टाकली तर काहीच घडत नाही आणि मुलं वहीत "रिअ‍ॅक्शन नाही" लिहून मोकळी होतात. परीक्षानळीत गार पाणी, फिनॉल्फ्थॅलिनचे (अल्कली तयार झाली की गुलाबी होणारा दर्शक) दोन थेंब, मग फीत. आता धीर धरा. बऱ्याच वेळाने फितीला बारीक बुडबुडे चिकटतात आणि तिच्या लगतचं पाणी तेवढं फिकट गुलाबी होतं. नळी तापवली की मात्र रंग भराभर चढतो.

आता बर्नर बंद करा, कारण पुढे हायड्रोजन जोरात निघणार आहे. गॉगल लावून, चिमट्याने कॅल्शियमचा छोटासा तुकडा दुसऱ्या नळीत, तिथेही गारच पाणी. तुकडा तळाला जातो, अंगाला बुडबुडे चिकटले की वर येतो, ते सुटले की परत खाली, आणि पाणी दुधाळ होऊन नळी हाताला गरम लागते. ते दुधाळ म्हणजे आपला चुनाच, गाळून घेतलात की चुन्याची निवळी.

का असं? दोघांनाही बाहेरचे 2 इलेक्ट्रॉन सोडायचेत, पण कॅल्शियमचे एक कवच लांब आहेत, मधल्या इलेक्ट्रॉनांची आडही जास्त, त्यामुळे केंद्रकाची पकड सैल. पहिला इलेक्ट्रॉन काढायला मॅग्नेशियमला 738 किलोज्यूल प्रति मोल लागतात, कॅल्शियमला 590, आणि दुसऱ्याला 1451 विरुद्ध 1145. पहिल्याच इलेक्ट्रॉनसाठी वर बेरिलियम 900 वर बसलाय, तो वाफेलाही दाद देत नाही, आणि खाली बेरियम 503, हवेत लगेच खराब होतो म्हणून तेलात बुडवून ठेवतात. फक्त रेडियम थोडा वर, 509, त्यामुळे "ही ऊर्जा शेवटपर्यंत कमीच होत जाते" असं सरसकट लिहू नका.

मार्क जातात ते विद्राव्यतेत, तिथे दोन ट्रेंड उलटे चालतात. हायड्रॉक्साइड खाली जाताना जास्त विरघळतात, सल्फेट कमी कमी. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात, तरी पोटाच्या एक्स-रेआधी पेशंटला बेरियम सल्फेट पाजतात ते ह्यामुळेच, ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, आलं तसं बाहेर जातं. मी मुलांना हेच उदाहरण लक्षात ठेवायला सांगते, सल्फेटची दिशा मग चुकत नाही.