उच्च रक्तदाब असताना रक्त गोठण्याच्या तपासण्या: कधी कराव्यात, नमुना कसा द्यावा, आकडे कसे वाचावेत

रक्तदाब वाढला की मेंदूतली नस फुटते, ही समजूत आपल्या गावांत पक्की आहे. ती चूक नाही, पण अर्धीच आहे. दाबाने नस फुटून होणाऱ्या लकव्यापेक्षा नसेत गुठळी अडकून होणारा लकवा अधिक आढळतो, आणि हृदयविकाराचा झटका तर बहुतेक वेळा गुठळीचाच असतो. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांच्या ज्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे दिसले आणि मृत्यूचे सर्वांत मोठे कारण तेच ठरले. त्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णाने दाबाच्या आकड्याबरोबरच आपले रक्त गोठते कसे, हेही थोडे समजून घेतलेले बरे.

रक्तात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन विरघळलेल्या स्थितीत असते. जखम झाली की त्याचे फायब्रिन नावाचे तंतू बनतात, आणि पिंजलेल्या कापसात कचरा अडकावा तशा त्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी तयार होते. दुसरे प्रथिन वॉन विलेब्रँड घटक. ते नसेच्या आतल्या अस्तरातून सुटते आणि रक्तातील बिंबाणूंना (गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशींना) जखमेच्या जागी धरून ठेवते. वर्षानुवर्षे चढ्या दाबाचा मार सोसून हे अस्तर दुखावले की हा घटक रक्तात वाढतो. तिसरे पीएआय-१. गुठळी विरघळवण्याची शरीराची जी स्वतःची सोय आहे, तिला हे प्रथिन अडवते. रक्तदाब वाढवणारे अँजिओटेन्सिन हेच संप्रेरक पीएआय-१ देखील वाढवते, आणि पीएआय-१ ची पातळी पहाटे-सकाळी सर्वाधिक असते. हृदयविकाराचे झटके सकाळच्या वेळी जास्त येण्यामागे हेही एक कारण मानले जाते.

एवढे वाचून लगेच तालुक्याच्या प्रयोगशाळेत जाऊन फायब्रिनोजेन मोजून घेण्याचे कारण नाही. केवळ रक्तदाब आहे म्हणून ही तपासणी करावी, असे कोणताही डॉक्टर सहसा सांगत नाही, कारण आकडा थोडा जास्त आला तरी उपचार तोच राहतो: दाब आटोक्यात ठेवणे. माझ्या मते त्या पैशांत दंडाला पट्टा लावायचे चांगले रक्तदाब यंत्र घरी येऊ शकते आणि त्याचा उपयोग कितीतरी अधिक होतो. तपासणी खरोखर लागते ती रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना, शस्त्रक्रियेपूर्वी, आणि पायातील खोल नसेत किंवा फुप्फुसात गुठळी झाल्याची शंका असताना.

डॉक्टरांकडून तपासणीची चिठ्ठी मिळालीच, तर नमुना नीट दिला जाईल याकडे स्वतः लक्ष द्यावे, कारण या तपासण्यांमध्ये चूक यंत्रात क्वचित आणि नमुन्यात वारंवार होते. रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यात सोडियम सायट्रेटचे द्रावण आधीच भरलेले असते आणि नऊ भाग रक्ताला एक भाग द्रावण हे प्रमाण ठरलेले असते, म्हणूनच नळीवरील खुणेपर्यंत रक्त भरणे आवश्यक असते. मी ज्या प्रयोगशाळेत काम करतो, तेथे एकदा बाहेरगावाहून एसटीने आलेली नळी जेमतेम निम्मी भरलेली होती. रक्त कमी आणि सायट्रेट जास्त झाल्याने गोठण्याचा वेळ लांबलेला दिसला, रुग्णाचे हर्नियाचे ऑपरेशन पुढे ढकलले गेले, आणि दुसऱ्यांदा पूर्ण भरलेल्या नळीत रक्त घेतले तेव्हा सगळे आकडे ठीक आले. रक्त घेतल्यावर नळी तीन-चार वेळा हलक्या हाताने उलटसुलट करावी, जोराने हलवू नये. मे महिन्यात नमुना बर्फात ठेवून पाठवण्याची अनेकांना सवय असते, पण गोठण्याच्या तपासणीचा नमुना बर्फात ठेवला तर काही घटकांचे आकडे बदलतात. आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तो पिशवीत घालून नेणेही योग्य नाही. एपीटीटी ही रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी तपासणी चार तासांच्या आत व्हावी लागते. म्हणून शक्य असेल तर नमुना पाठवण्याऐवजी रुग्णाने स्वतः प्रयोगशाळेत जाऊन रक्त द्यावे.

ताप, पिकलेली जखम किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर फायब्रिनोजेन आपोआप वाढते, गरोदरपणातही ते जास्तच असते. अशा वेळचा आकडा रक्तदाबाच्या माथी मारू नये. फायब्रिनोजेनची सर्वसाधारण पातळी दर डेसिलिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम असते. डी-डायमर म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात सुटणारा फायब्रिनचा तुकडा. तो दर मिलिलिटरला ५०० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असेल आणि डॉक्टरांनाही गुठळीची शक्यता कमी वाटत असेल, तर ती जवळजवळ नाहीच असे धरता येते. मात्र तो जास्त आला म्हणजे गुठळी आहेच, असे मुळीच नाही. वयानुसारही तो वाढतो. प्रयोगशाळेनुसार एकके बदलतात, म्हणून कागदावर शेजारी छापलेली मर्यादा आधी पाहावी. येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात एकच पाय सुजला की लोक हत्तीपाय समजून घरीच थांबतात. सूज एक-दोन दिवसांत अचानक आलेली असेल आणि पोटरी दुखत असेल, तर पाय चोळू नये व त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

वॉरफॅरिन किंवा असेनोकुमॅरॉल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आयएनआर हा रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवावा. निरोगी माणसात तो १ च्या आसपास असतो. औषध चालू असताना तो बहुतेकांसाठी २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. या गोळ्या के जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करतात आणि हिरव्या पालेभाज्यांत ते भरपूर असते. पावसाळ्यात तरोटा, अंबाडी, चवळी रोज ताटात आली की आयएनआर खाली घसरू शकतो. पालेभाजी सोडण्याची गरज नाही, पण आठवड्यातील तिचे प्रमाण वर्षभर साधारण सारखे ठेवावे. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र टाळाव्यात, कारण त्या रक्तदाबही वाढवतात आणि रक्तस्रावाचा धोकाही.

दाब मोजताना पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, दंड हृदयाच्या उंचीवर, आणि त्याआधी अर्धा तास चहा व खर्रा नको. खर्र्यातील निकोटिनने दाब लगेच चढतो. दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवावे. त्यात लोणचे, पापड आणि ठेच्यातील मीठही मोजावे. उपकेंद्रातून मिळालेली गोळी बरे वाटते म्हणून बंद करू नये.

तोंड वाकडे होणे, एक हात गळणे, बोबडे बोलणे यांपैकी काहीही दिसल्यास ॲस्पिरिन देऊ नये, कारण नस फुटली आहे की तुंबली आहे हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्यासाठी दाब १८५/११० च्या खाली असावा लागतो. म्हणून माणूस शेवटचा ठीक केव्हा दिसला ती वेळ कागदावर लिहावी, आणि तो कागद, गोळ्यांची पाकिटे व आयएनआरची वही गाडीत रुग्णाबरोबर द्यावी.