‘ऐकून तर घेऊ’ म्हणताय? नको त्या फोनबाबतच्या या चुका टाळा

लग्नाआधी तीन वर्षं मी कॉल सेंटरमध्ये होते. कर्ज, क्रेडिट कार्ड, विमा, जे येईल ते फोनवरून खपवायचं. म्हणून आता नात्यात कुणालाही भलता फोन आला की निस्तरायला मला हाक मारतात. त्याबद्दल तक्रार नाही, पण एक वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत: ‘अगं, मी काही सांगितलं नाही त्याला, फक्त विचारलं की तू कोण!’

वाद घालत बसणं

कामावरच्या पहिल्याच आठवड्यात आम्हाला पढवलं होतं की ‘नाही’ म्हणणारा माणूस हातचा जात नाही, फोन ठेवणारा जातो. ‘सध्या पैसे नाहीत’, ‘घरी विचारून सांगते’, ‘आमच्याकडे आहे कार्ड’, प्रत्येकाचं उत्तर समोरच्या कागदावर तयार असायचं. ग्राहक हुज्जत घालायला लागला की आम्हाला बरंच वाटायचं. आम्ही निदान खरी कार्डं विकत होतो. भामट्यांच्या कागदावर मजकूर दुसरा असतो, पण तो वाचायची रीत हीच.

माझी मामी निवृत्त मुख्याध्यापिका. एका सकाळी तिला ध्वनिमुद्रित आवाजात फोन आला: ‘ट्रायकडून सूचना, तुमचा नंबर दोन तासांत बंद होत आहे, अधिक माहितीसाठी ९ दाबा.’ ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, कुणाचा नंबर बंद करायचा म्हणून ग्राहकाला फोन करत नाही. त्यांनी हे जाहीरपणे सांगितलेलं आहे. मामीने ९ दाबलं, कारण काय, तर ‘त्यांच्याकडे चुकीची नोंद असेल तर दुरुस्त करून द्यावी.’

मग एक साहेब आले. तुमच्या आधारवर दुसरं सिम घेतलंय, त्यावरून अश्लील मेसेज गेलेत. मग व्हिडिओ कॉल, खाकी गणवेश, मागे भिंतीवर अशोकस्तंभ. लोकांना वाटतं, अशा वेळी माणूस थरथर कापत असतो. मामी कापत नव्हती, ती उलटतपासणी घेत होती. एफआयआरचा क्रमांक मागितला, तर मिळाला. ओळखपत्र मागितलं, तर कॅमेऱ्यासमोर धरलं. लेखी पत्र मागितलं, तर दोन मिनिटांत व्हॉट्सॲपवर शिक्क्यासह हजर. विचारलेल्या प्रश्नाला लगेच उत्तर येतंय म्हणजे मुलाने अभ्यास केलाय, हा तिचा पस्तीस वर्षांचा अनुभव. तीन तासांनी बाई ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये होत्या. दार बंद, कॅमेरा चालू, कुणाशी बोलायचं नाही, मुदत ठेवी मोडून रक्कम ‘पडताळणी’साठी पाठवायची, निर्दोष ठरलात की परत मिळेल.

तिला वाचवलं गॅसवाल्याने. बेल वाजली. साहेब म्हणाले, दार उघडायचं नाही. पण सिलिंडर चार दिवस रखडलेला. ‘साहेब, हा परत गेला तर पुन्हा आठवडाभर येत नाही,’ असं म्हणून मामी उठली. गॅसवाल्याला हवा होता डिलिव्हरीचा कोड. कोड मेसेजमध्ये, मेसेज फोनमध्ये आणि फोनवर साहेब. ती मेसेज शोधायला लागली तसा साहेबांना कॅमेऱ्यात चेहरा दिसेना, आणि ते ओरडले, ‘ए म्हातारे!’ मुख्याध्यापिकेला असं कुणी म्हणत नाही. तिने फोन कट केला.

डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं होतं. तरी अजून लोक विचारतात, ‘पण आपलं नाव खरंच कशात अडकलं असेल तर?’ तर पोलीस समन्स पाठवतील, घरी येतील. ठेव मोडायला सांगणार नाहीत.

मामीला मी एक युक्ती शिकवली. तिला फोन आपटणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून आता ती स्वतःच्याच वाक्याच्या मध्यावर फोन ठेवते: ‘हो का, बरं, मग मी काय म्हणते की...’ आणि कट. स्वतः बोलता बोलता कुणी फोन ठेवेल असं समोरच्याला वाटत नाही, रेंज गेली असं वाटतं. परत आला तर उचलायचा नाही.

आणि हो, भामट्यांची ‘मजा घेणारे’ भाचे-पुतणे. तुम्ही तासभर त्याला खेळवलंत, व्हिडिओ टाकलात, टाळ्या मिळाल्या. आमच्याकडे उचलला गेलेला प्रत्येक नंबर दुसऱ्या दिवशीच्या यादीत वर जायचा. तुमच्या घरातल्या फोनवर उद्या आजी असेल.

कस्टमर केअरचा नंबर सर्चमध्ये शोधणं

ही चूक माझी स्वतःची. रद्द केलेल्या बुकिंगचे पैसे परत येत नव्हते. कंपनीच्या ॲपमध्ये तक्रार करायला सात पायऱ्या होत्या आणि मला दोन मिनिटांत उत्तर हवं होतं. सर्चमध्ये वरच एक नंबर दिसला, लावला. पलीकडचा माणूस इतका नम्र की मला माझे जुने दिवस आठवले. त्याने स्क्रीन दाखवणारं एक ॲप टाकायला सांगितलं, मी टाकलं. असल्या ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच बँकांना सावध केलं होतं आणि हे मी चार जणांना सांगितलेलं होतं. मग तो म्हणाला, ‘मॅडम, हा पाच आकडी रिफंड कोड त्या चौकटीत भरा आणि पिन टाका.’ पिनचे दोन आकडे दाबले आणि फोन बंद पडला. चार्जिंग संपलं होतं.

फोन परत चालू झाल्यावर लक्षात आलं की ती चौकट रकमेची होती. माझी अक्कल नाही, बॅटरी आडवी आली. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, घेताना लागत नाही. हे मला पाठ होतं, पण घाईत असलेल्या माणसाला पाठ केलेलं आठवत नाही.

तेव्हापासून आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. कार्डाच्या मागे छापलेले बँकेचे नंबर, विजेच्या बिलावरचा नंबर, गॅसचा नंबर. सगळं हाताने लिहिलेलं. फोनमध्ये जतन करा म्हणणारे शहाणे भेटतात. पण फोनमध्ये शोधायला गेलेला माणूस दोन मिनिटांत पुन्हा सर्चमध्येच जातो, मी बघितलंय.

बाकीच्या, थोडक्यात

उचलल्यावर पलीकडे शांतता असेल तर कुणी पाळत ठेवलेली नसते. कॉल सेंटरचं यंत्र माणसं कमी असतानाही जास्त नंबर फिरवतं. तुम्ही उचलता तेव्हा बोलायला कुणी मोकळं नसतं. पाच वेळा ‘हॅलो, हॅलो’ करू नका.

परदेशी कोडवरून एकच रिंग वाजून बंद? परत लावू नका. या प्रकाराला वांगिरी म्हणतात. जपानी शब्द आहे, एकदा वाजवून तोडणं. परत लावलेल्या महागड्या कॉलमधला वाटा त्यांना मिळतो.

नंबर +९१ ने सुरू होतो म्हणून तो इथलाच, असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने परदेशातून भारतीय नंबर दाखवून येणारे कॉल अडवायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत १.३५ कोटी कॉल अडले. नाव दाखवणाऱ्या ॲपवर तर कुणीही स्वतःचं बारसं ‘बँक व्यवस्थापक’ असं करून घेऊ शकतो.

एकेक नंबर ब्लॉक करत बसणं म्हणजे पावसाचे थेंब मोजणं. १९०९ वर डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद, करून टाका. ‘नोंदवलं तरी फोन येतातच’ म्हणणाऱ्यांनी त्यानंतर एकदा तरी तक्रार केली होती का, हे मला जाणून घ्यायचंय. ट्रायच्या नियमांतल्या फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर, फोन आल्यापासून तक्रारीला तीनऐवजी सात दिवस मिळतात. मात्र डीएनडी पाळतात ते नोंदणीकृत जाहिरातदार, चोर यादी बघून येत नाही. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ची मालिका आहे. १६०० ची बँका-विमा वगैरेंच्या कामाच्या कॉलसाठी. घाईघाईत दोन्ही ब्लॉक करणारे माझ्या माहितीत आहेत. अर्थात ओटीपी मागणारा १६०० वरून बोलला तरी तो द्यायचा नाही.

‘पार्सल अडकलंय, *४०१* लावून पुढे हा नंबर दाबा.’ दाबलात की तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात, आणि फोनवरून सांगितला जाणारा ओटीपीही. या कोडने कॉल वळवणं १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायचे आदेश निघाले आहेत, पण मी घरातल्या सगळ्यांच्या फोनवर अधूनमधून *#२१# लावून कॉल कुठे वळवलेत का ते बघते आणि शंका आली की ##००२# ने सगळं वळवणं रद्द करते.

लाजेपोटी गप्प बसणं

फसवा फोन आला, पण पैसे गेले नाहीत, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ या तक्रारीच्या सोयीत नोंदवा. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, आणि त्याच वेळी बँक. आधी नवऱ्याला सांगू का, मुलगा संध्याकाळी येईल, असं करत बसू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात उड्या मारत असतात, ते वाटेत असतानाच गोठवता येतात. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, तुमच्या हलगर्जीमुळे पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची, कळवेपर्यंतची तुमची.

गेल्या वर्षी एका नातेवाइकांनी मला पाच मिस्ड कॉल दिले होते. मी मुलाच्या शाळेत पालकसभेला होते. त्या पाऊण तासात त्यांनी बँकेला एकही फोन केला नाही, ‘तुला विचारून करू म्हटलं.’ त्या पाऊण तासातच दुसरी रक्कम गेली. आता आमच्या कपाटातल्या कागदाची एकेक प्रत नात्यातल्या सगळ्या घरांत दिली आहे. सर्वांत वर १९३०, खाली बँक. माझा नंबर त्यावर मुद्दामच नाही.