थंडीत आणि पावसात हेड प्रेशर पडतं तेव्हा काय करायचं

डिसेंबर जानेवारीत पहाटे कॉल येतो की एसी चालू आहे पण कूलिंग नाही, इनडोअरच्या कॉइलवर बर्फ धरलाय, आणि मेकॅनिक गेज लावतो, बॅक प्रेशर (सक्शनकडचं, कमी प्रेशर) कमी दिसतं, की लगेच गॅस कमी आहे म्हणून सिलेंडर जोडतो. थांबा. आधी हेड (आउटडोअरकडचं, जास्त प्रेशर) बघा. थंडीत हेड पडलं की त्याच्यामागोमाग बॅकही पडतं आणि मशीनमध्ये गॅस अगदी बरोबर असला तरी गेजवर शॉर्टच दिसतो. तेव्हा मारलेला जादा गॅस मशीनमध्येच राहतो आणि एप्रिल मे मध्ये तेच मशीन हायप्रेशरवर ट्रिप होतं, कंप्रेसर जास्त अँपिअर ओढतो, मग गॅस काढायला परत जा. ग्राहकाचे दोनदा पैसे जातात आणि मशीनचे हाल होतात ते वेगळेच.

कोकणात कसली आलीय थंडी असं कुणी म्हणेल. पण दापोलीकडे जानेवारीच्या पहाटे पारा १०-१२ अंशापर्यंत उतरतो, किनाऱ्यावर रत्नागिरी मालवणला तेवढा नाही तरी रात्री मतलई (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा) वारा सुटला की आउटडोअरला गार हवा मिळतेच. आणि आपल्याकडे दुसरा एक सीझन आहे जो बाहेरच्या पुस्तकात नसतो, तो म्हणजे पावसाळा. जून जुलैत पश्चिमेकडून झोडपणारा पाऊस थेट कंडेन्सरवर (आउटडोअरच्या कॉइलवर), ओली कॉइल, वर वारा, म्हणजे हवा २५ अंशाची असली तरी कंडेन्सर त्याहून कितीतरी थंड हवा असल्यासारखा वागतो. त्यात मासेमारी बंदीमुळे मच्छीच्या कोल्डरूममध्ये माल कमी, लोड कमी, म्हणजे बाहेर फेकायची उष्णताही कमी, आणि हेड आणखी खाली.

घरातल्या स्प्लिट एसीला हा त्रास फारसा होत नाही कारण थंडीत कोण लावतंय. त्रास होतो बारा महिने चालणाऱ्या मशीनला, म्हणजे बँकेची सर्व्हर रूम, एटीएम केबिन, हॉटेलची आणि मच्छीची कोल्डरूम, डेअरी, आइस्क्रीमवाले. इन्व्हर्टर मशीन असेल तर त्याचा आउटडोअर फॅन बहुतेक वेळा बोर्डच कमी जास्त करतो, तिथे बाहेरून काही जोडू नका, त्याचं मॅन्युअल काढून किती अंशापर्यंत कूलिंगवर चालवायला परवानगी आहे तेवढं बघा. खाली जे लिहितोय ते फिक्स स्पीड मशीन आणि कंडेन्सिंग युनिटसाठी.

आधी नेमकं होतं काय ते आर २२ या गॅसवर बघू. कडक उन्हात हेड २६० पीएसआय, बॅक ७० च्या आसपास, म्हणजे कॅपिलरीच्या (बारीक नळीच्या) किंवा एक्स्पान्शन वॉलच्या, म्हणजे लिक्विडचं प्रेशर पाडणाऱ्या भागाच्या, दोन बाजूत जवळजवळ १९० चा फरक, आणि त्या फरकावरच लिक्विड पुढे ढकललं जातं. पहाटे हेड १४० वर आलं तर फरक राहिला ७०. ढकलायला जोरच नाही, इव्हॅपोरेटरला (इनडोअरच्या कॉइलला) लिक्विड कमी पोचतं, बॅक ५० वर येतं, आणि आर २२ ला ५८ पीएसआयच्या खाली गेलात की कॉइलचं तापमान शून्याखाली, म्हणजे बर्फ. बर्फ धरला की हवा अडते, हवा अडली की बॅक अजून पडतं, शेवटी एलपी कटआउट (प्रेशर फार पडलं की मशीन बंद करणारा स्विच) उडतो नाहीतर लिक्विड परत कंप्रेसरकडे येतं. गॅसचा वेग कमी पडल्यामुळे ऑइलही नीट परत येत नाही, लांब पाइपिंग असेल तर हे जास्त जाणवतं.

आता गॅस कमी आहे का हेड थंडीमुळे पडलंय हे कसं ओळखायचं. सोपी आणि खात्रीची टेस्ट आहे. इनडोअरचा फिल्टर साफ आहे, ब्लोअर नीट फिरतोय, बर्फ असेल तर पूर्ण वितळवलाय, एवढं आधी बघून घ्या. मग गेज लावून मशीन चालू ठेवा आणि कंडेन्सरच्या हवा ओढायच्या बाजूला पुठ्ठा धरा, आधी पाव भाग झाका, थांबा, मग अर्धा. हेडचा काटा हळूहळू चढायला लागेल, त्याला आर २२ असेल तर साधारण २१० पर्यंत येऊ द्या (म्हणजे कंडेन्सिंग, गॅसचं लिक्विड व्हायचं तापमान, ४० अंश) आणि तिथे पाच दहा मिनिटं स्थिर ठेवा. आता बॅक बघा. बॅक आपोआप जागेवर आलं, सक्शन लाइन गार आणि घामेजलेली झाली, साईट ग्लास (लिक्विड लाइनवरची बघायची काच) असेल तर बुडबुडे बंद झाले, तर गॅस बरोबर आहे, दुखणं हेडचं आहे. हेड वर नेऊनही बॅक वर येत नसेल, सुपरहीट (सक्शनचा गॅस उकळायच्या तापमानाच्या किती वर आहे) जास्त आणि सबकूलिंग (लिक्विड कंडेन्सिंगच्या किती खाली गार झालंय) जवळजवळ नाहीच, तर गॅस कमी, लीक शोधा. सबकूलिंग चांगलं आहे पण बॅक पडलेलंच, तर ड्रायर (लिक्विड लाइनमधला फिल्टर) किंवा कॅपिलरी चोक. पुठ्ठा धरलेला असताना गेजवरची नजर हटवायची नाही, एचपी कटआउट (प्रेशर फार वाढलं की मशीन बंद करणारा स्विच) बायपास करायचा नाही आणि काम झालं की पुठ्ठा काढून घ्यायचा. तो तिथेच बांधून ठेवलेले आउटडोअर मी बघितलेत, दुपारी ऊन आलं की तेच मशीन मरतं.

बाकीच्या गॅसचे आकडे जवळ ठेवा. कंडेन्सिंग ३० अंशाला आर २२ साधारण १६०, आर ४०४ए १९०, आर ४१०ए २६०, आर ३२ २६५ पीएसआय. ४० अंशाला हेच २१०, २५०, ३३५ आणि ३४५. साध्या एक्स्पान्शन वॉलच्या मशीनवर कंडेन्सिंग तीस बत्तीसच्या खाली जाऊ द्यायचं नाही हा माझा नियम, कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर कंपनीचा धरा.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे फॅन सायकलिंग. लिक्विड किंवा डिस्चार्ज लाइनवर वेगळं टॅपिंग काढून एक प्रेशर स्विच बसवायचा जो प्रेशर वाढलं की कॉन्टॅक्ट जोडतो आणि पडलं की तोडतो. एचपी कटआउटचं काम बरोबर उलटं असतं म्हणून स्विच घेताना हे तपासून घ्या, आणि असलेला एचपी कटआउट काढून त्याच जागी हा बसवू नका, तो सेफ्टीसाठी आहे. स्विच फक्त फॅनच्या लाइनमध्ये घ्यायचा, कंप्रेसरच्या नाही. सेटिंग आर २२ ला फॅन चालू २१० वर, बंद १६० वर. आर ४०४ए ला २५० आणि १९५, आर ४१०ए ला ३३५ आणि २६५. दोन्ही आकडे फार जवळ आणलेत तर फॅन सारखा चालू बंद होऊन मोटर आणि कॅपॅसिटर दोन्ही जातील. कंडेन्सरला दोन तीन फॅन असतील तर फारच बरं, हेडरकडचा (गरम गॅस कॉइलमध्ये शिरतो तिथला) एक फॅन कायम चालू ठेवा आणि बाकीचे एकेक करून स्विचवर घ्या. फॅन आता कधीही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून साफसफाईच्या आधी आयसोलेटर (युनिटचा मेन स्विच) बंद, आणि तसा बोर्ड युनिटवर लावाच.

सायकलिंगची एक अडचण आहे आणि ती साईट ग्लासमध्ये डोळ्यांनी दिसते. फॅन सुरू झाला की हेड एकदम खाली येतं, लिक्विड लाइनमधलं लिक्विड तिथल्या तिथे उकळतं, काच काही सेकंद पांढरी होते, आणि एक्स्पान्शन वॉल गोंधळून कधी जास्त कधी कमी सोडायला लागतो. एका फॅनच्या मशीनवर हे जास्त होतं. तिथे मी फॅन स्पीड कंट्रोलर सुचवतो, प्रेशरवर चालणारा किंवा कॉइलवर सेन्सर लावायचा. हेड कमी तर फॅन हळू, हेड वाढलं की फुल, काटा एका जागी राहतो. सेन्सरवाला घेतलात तर सेन्सर कंडेन्सरच्या मधल्या बेंडवर, जिथे गॅस आणि लिक्विड दोन्ही असतं तिथे घट्ट क्लिप करायचा आणि वरून चांगलं इन्सुलेशन गुंडाळायचं, नाहीतर तो पावसाचं तापमान सांगत बसेल. आणि मोटर बघून घ्या, सगळ्या मोटरी कमी स्पीडला चालत नाहीत. बुशवाली मोटर हळू फिरली की बुशला ऑइल नीट मिळत नाही आणि ती जाम होते, बॉल बेअरिंगची आणि कंट्रोलरला चालेल असं कंपनीने लिहिलेली मोटरच वापरा.

आता वारा, कारण किनाऱ्यावर अर्धं भांडण याच्याशीच आहे. फॅन बंद केला तरी समुद्राकडून येणारा वारा कॉइलमधून आरपार जात असेल तर तुमचा स्विच काही करू शकत नाही, बंद फॅन वाऱ्याने उलटा फिरताना दिसला की समजायचं. त्यासाठी आडोसा लागतो. हवा घ्यायच्या बाजूला कंपनीने सांगितलेलं अंतर सोडून पत्र्याचा पडदा उभा करा, वरून आणि बाजूने हवा यायला जागा ठेवा, म्हणजे फॅन हवा ओढू शकतो पण वारा सरळ घुसत नाही. एफआरपी (फायबर) किंवा अ‍ॅल्युमिनियम घ्या, साधा जीआय पत्रा खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यात चाळण होतो. आणि फक्त पश्चिमेचा विचार करू नका, थंडीच्या रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे नेमका पूर्वेकडून, म्हणून जागेवर रात्री एकदा जाऊन बघावं हे उत्तम. प्रेशर स्विच आणि कंट्रोलर वॉटरप्रूफ बॉक्समध्ये, केबल ग्लँड खालच्या बाजूला, वायरला खाली एक वळसा देऊन. टर्मिनलवर हिरवट गंज चढला की स्विच बरोबर असूनही फॅन सुरू होत नाही आणि मशीन एचपीवर ट्रिप होतं.

मोठी कोल्डरूम असेल, रिसीव्हर (लिक्विड साठवायची टाकी) असेल, तर तिसरा मार्ग कंडेन्सरमध्ये लिक्विड भरून ठेवण्याचा. कंडेन्सरनंतर प्रेशर रेग्युलेटर, आणि डिस्चार्जमधून रिसीव्हरकडे बायपासवर डिफरन्शियल वॉल, डॅनफॉसचे केव्हीआर आणि एनआरडी ही जोडी आपल्याकडे माहितीची आहे. हेड पडायला लागलं की रेग्युलेटर लिक्विड अडवतो, कंडेन्सरच्या नळ्या लिक्विडने भरतात, कामाची जागा कमी होते आणि हेड टिकतं. काटा यात सगळ्यात स्थिर राहतो. पण त्यासाठी जादा गॅस लागतो आणि उन्हाळ्यात तो सगळा मावेल एवढा रिसीव्हर लागतो, हिशेब न करता वॉल बसवला तर मे मध्ये पंचाईत. कॅपिलरीच्या मशीनवर हे करायचंच नाही, तिथे रिसीव्हर नाही आणि चार्ज अगदी मोजका असतो.

मशीन बंद असताना गॅस सगळ्यात थंड जागी जाऊन बसतो, आणि ती जागा बऱ्याचदा बाहेरचा कंप्रेसरच असतो. म्हणून क्रँककेस हीटर (कंप्रेसरचं ऑइल गरम ठेवणारा) चालू आहे ना हे हात लावून तपासा, आणि रात्री मेन स्विच बंद करायची मालकांची सवय मोडा, त्याने हीटरही बंद पडतो. कोल्डरूमला सोलेनॉइड वॉल लावून पंपडाउन (बंद व्हायच्या आधी गॅस आउटडोअरच्या रिसीव्हरकडे ओढून घेणं) दिलंत तर हा प्रश्न बराचसा मिटतो. सुरू होताना हेड चढेपर्यंत एलपी उडत असेल तर एलपीला दोन तीन मिनिटांचा टाइम डिले द्या, एलपी कायमचा बायपास करून टाकू नका.

हेड गरजेपेक्षा वर धरूनही ठेवू नका, कंडेन्सिंग एक अंश वाढलं की वीज साधारण २-३ टक्के जास्त जाते. आणि हे सगळं थंडीत सेट करून विसरू नका. मार्च एप्रिलमध्ये दुपारी परत गेज लावा, सगळे फॅन फुल स्पीडला येतात का, आडोशामुळे हेड चढत नाही ना हे बघा, कंडेन्सर गोड्या पाण्याने धुवा, आणि त्या दिवसाचं हेड, बॅक, अँपिअर आणि बाहेरचं तापमान मार्करने युनिटच्या आतल्या झाकणावर लिहून ठेवा, पुढच्या थंडीत जो कुणी जाईल त्याला सिलेंडर उघडायच्या आधी ते वाचता येईल.